कौटुंबिक विमा

लुडविग्सहाफेन,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सुमित यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही दोघे ठीक आहोत. फोनवर आपले बोलणे तिथल्या आणि इथल्या हवेपलीकडे जात नाही, म्हणून लिहितो आहे. इथली हवा वाईट आहे.

तिकडच्या सुप्रीम कोर्टात तुमच्या लग्नाबद्दल काही चालले होते असे वाचले. तुमच्या म्हणजे तुमच्यासारख्या सगळ्यांच्याच. बातमी तीनदा वाचली, तरी टांगती तलवार उतरली की नुसती बाजूला सरकली, ते कळले नाही.

सहा वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाला मी पाठदुखीचे कारण सांगून आलो नाही. पाठ दुखत नव्हती, हे तुला ठाऊक असणारच. तुझी आई एकटी यायला निघाली होती, तिला मीच अडवले. तेव्हा या विषयात चौकशी करण्याचा मला फारसा अधिकार नाही. तरी करतो. उत्कर्षच्या आतड्याच्या दुखण्यावरचे औषध चालू आहे ना? आई विचारते आहे. मीही.

उत्तर सवडीने दे, पण दे.
बाबा


कोलंबस, ओहायो,
३ डिसेंबर २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र पोचले. उत्कर्षने ते दोनदा वाचले आणि तुमचे अक्षर त्याच्या डॉक्टरांपेक्षा बरे आहे, असा अभिप्राय दिला.

कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला, म्हणजे आमचे लग्न आहे तसे आहे. त्या संध्याकाळी आम्ही केक आणला. अकरा दिवसांनी माझी नोकरी गेली. आमचा विभागच बंद झाला. इथे विमा नोकरीला बांधलेला असतो, आणि उत्कर्षचा विमा माझ्या नोकरीला, माझा नवरा या नात्याने. तो घरी बसून पुस्तकांसाठी चित्रे काढतो, त्यात विमा मिळत नाही.

कंपनीचा विमा मार्चअखेर संपेल. उत्कर्षला दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून औषध द्यावे लागते. स्वतः विकत घ्यायच्या विम्याला सरकारची जादा मदत होती, तीही वर्षअखेरीस संपते आहे. त्यावरून वॉशिंग्टनमध्ये भांडण चालू आहे. भांडणाऱ्या सगळ्यांना विमा आहे. उत्कर्ष म्हणतो, लग्न वाचले, आता आतडे वाचवू. तो हे हसत म्हणतो. मला हसू येत नाही.

काळजी करू नका असे लिहिणार होतो. थोडी करा.

आईला नमस्कार. तुम्हा दोघांची आठवण येते, हे हवामानाखेरीज.
सुमित


लुडविग्सहाफेन,
१९ डिसेंबर २०२५

चि. सुमित यास अनेक आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे काळजी केली. मंगळवारी क्रांकेनकासेत, म्हणजे आमच्या आरोग्य विम्याच्या ऑफिसात, जाऊन आलो. इथे नोकरदाराच्या विम्यात बिनकमाईचा किंवा अगदी थोड्या कमाईचा जोडीदार वेगळा हप्ता न भरता येतो.

काउंटरवरच्या मुलीने विचारले, चौकशी कोणासाठी. सहा वर्षे मी लोकांत उत्कर्षला तुझा रूम पार्टनर म्हणत आलो, कारण मराठीतला शब्द तोंडातून निघत नव्हता. जर्मनमध्ये पुरुषालाही मान म्हणतात आणि नवऱ्यालाही मानच. मी म्हणालो, माझा मुलगा आणि त्याचा मान. काय बोललो ते बोलून झाल्यावर कळले. तिने स्क्रीनवरून नजरही उचलली नाही. लग्नाचा दाखला मूळ लागेल आणि त्याचे शिक्क्याचे जर्मन भाषांतर, एवढेच सांगितले. परतताना ट्राममध्ये तेच वाक्य मराठीत म्हणून पाहिले. समोरच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

ऱ्हाईनपलीकडे मानहाइमला सॉफ्टवेअरच्या जागा निघाल्या आहेत. जाहिराती सोबत जोडल्या आहेत. तेराव्या वर्षी इथे आणले तेव्हा जर्मन शाळेच्या नावाने रडला होतास. ती भाषा आता कामाला लाव. पण यायलाच हवे असे नाही. तुमचे घर तिथे आहे, हे मला समजते.

आईने लाडू पाठवले आहेत. त्यातले उत्कर्षला पचतील ते त्याला द्या.
बाबा


कोलंबस,
१२ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मानहाइमची नोकरी मिळाली. एक एप्रिलपासून रुजू व्हायचे आहे.

उत्कर्ष आधी तयार नव्हता. जायचे म्हणजे ज्यांना आम्ही इथे नको आहोत त्यांचे काम फुकटात करून द्यायचे, असे त्याचे म्हणणे. आम्ही चार दिवस बोललो नाही. मग तो म्हणाला, मी आतड्यासाठी जातो आहे, घाबरून नव्हे, हे तुझ्या बाबांना स्पष्ट कळव. कळवले.

तुमच्या वरच्या मजल्यावरची जागा रिकामी आहे, असे आई म्हणाली. मराठी मंडळातली माणसे दर रविवारी तुमच्याकडे असतात. जिन्यात आम्ही दिसणारच. तुम्हाला जड जाईल का? खरे सांगा, आम्ही दुसरीकडे बघू. राग नाही.

आईला नमस्कार. माया आहे ती राहू द्या.
सुमित


लुडविग्सहाफेन,
२ मार्च २०२६

चि. उत्कर्ष यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुमितच्या प्रश्नाचे उत्तर तुला लिहितो, कारण जिना तूही चढणार आहेस. जड जाईल का? थोडे जाईल. काल मंडळाचे शिरीष दामले आणि चार जण आले होते. वर कोण येणार, असे त्यांनी विचारले. माझा मुलगा आणि त्याचा नवरा, असे मी मराठीत सांगितले. मग दामल्यांनी चहात साखर मागितली. त्यांना मधुमेह आहे. सुमितच्या आईने दिली नाही. सगळे नेहमीच्या वेळेला घरी गेले.

जागा घेतली आहे. चौदा एप्रिलला तुझी दवाखान्यातली वेळही घेतली आहे. इथे पत्रपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि विम्याचे कार्ड पोस्टानेच येते. घरमालकीणबाईंनी विचारले, कोणते नाव घालायचे. मी दोन्ही आडनावे दिली, तुझे वाघधरे आधी आणि आमचे गोगटे नंतर, कारण कार्डाची गरज तुला आहे. नेहमीच्या पट्टीत ती मावेनात, म्हणून बाईंनी मोठी मागवली. आज सकाळी मीच बसवली. जरा वाकडी बसली आहे. आल्यावर सरळ कर, चित्रकाराची नजर माझ्याकडे नाही.

वाट पाहतो.
तुझा,
बाबा