पायांनी उडणाऱ्या विमानाची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, निवृत्त वैमानिक, वयाने थकलेला पण डोक्याने शाबूत, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने, दिवसाउजेडी, चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कुणाला वेळही नाही. याआधी एकदा लिहायला बसलो होतो, पण कंटाळा आला आणि उठलो. आता कंटाळा कायमच्या मुक्कामाला आला आहे, म्हणून त्याला शेजारी बसवूनच लिहितो. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. पायांचे काय झाले ते पुढे येईल.

कलम पहिले, घर. हे राहते घर माझ्या पत्नीचे. तिच्या पश्चात थोरला मुलगा आणि धाकटी लेक यांचे, समान. स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठी खोली करायचा विषय थोरल्याने आईच्या हयातीत काढू नये. तो काढतोच, म्हणून लिहावे लागले.

कलम दुसरे, बँकेतली ठेव. ती सगळी पत्नीची. थोरला विमा कचेरीत आहे, तेव्हा कागदपत्रे त्याने बघावीत आणि काय बघितले ते आईला समजावून सांगावे. सांगताना "तुला नाही कळायचं" हे शब्द वापरू नयेत.

कलम तिसरे, हत्यारे. पान्यांची पेटी, करवती, रंधा आणि पकडी धाकटीला. ड्रिल मेहुण्याला अजिबात देऊ नये. एकदा नेले होते, परत आले ते टोक मोडून, आणि वर मलाच म्हणाला, "जुनंच होतं ना तुमचं." मेहुण्याला माझी काळी छत्री द्यावी. ती गळते.

कलम चौथे. आता मागच्या खोलीकडे येतो. खरे म्हणजे सगळा कागद त्यासाठीच आहे.

त्या खोलीत भंगारातून आणलेली बसचालकाची खुर्ची आहे, तिच्यापुढे तीन पडदे, एक कॉम्प्युटर आणि खाली मी लाकडात केलेली पेडलांची जोडी. दार हळू मिटावे म्हणून वर लावतात तो दट्ट्या मी त्या पेडलांना बसवला आहे, त्यामुळे पायाला खऱ्यासारखा जोर लागतो. थोरला याला खेळणे म्हणतो. म्हणू दे. उमेदीची सगळी वर्षे मी आणि माझा जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणतात, डोंगरातल्या वस्त्यांना औषधे, बियाणे आणि टपाल पोचवत होतो. धावपट्टी म्हणजे कधी नदीकाठची वाळू, कधी उतारावरचे कुरण. विमान छोटे, पुढे दोन मोठी मऊ चाके आणि शेपटीखाली एक चिमुकले.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुकानातली सामानाची ढकलगाडी उलटी धरून ढकलून बघा. जरा वाकडी झाली की ती स्वतःहून आणखी वाकडी होत जाते. हे विमान जमिनीवर तसेच. वजन चाकांच्या मागे, त्यामुळे उतरल्यावर शेपटीला पुढे यायची घाई. तिला आवरायचे ते पायांनी, आणि वाकडेपणा डोळ्याला दिसायच्या आधी. तो आधी बुडाला कळतो, मग पायाला, डोळ्याला सगळ्यात शेवटी. डोळ्यावर विसंबला त्याची गिरकी झालीच म्हणून समजा. उतरून विमान थांबेपर्यंत उतरणे संपलेले नसते.

ते विमान मोडीत निघाले. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी ते कॉम्प्युटरात पुन्हा उभे केले. बाजारात कॉम्प्युटरसाठीचे तयार विमान मिळाले होते, ते शहाण्या मुलासारखे नाकासमोर धावायचे. खुर्ची तर काहीच सांगत नाही, म्हणून जे बुडाला कळायचे ते आम्ही आवाजात आणि पडद्याच्या हलण्यात आणले. आकडे मी बदलायचो, लंबू चालवून बघायचा आणि म्हणायचा, "नाही. एवढ्यात शेपूट निघून गेली असती." मी पुन्हा आकडा बदलायचो. असे करता करता ते विमान हळूहळू आमचे झाले. अगदी त्याच खोडी, त्याच जागी.

कलम पाचवे, लंबूबद्दलचा राग. हाही माझ्या मालमत्तेतच धरावा, कारण मी तो नीट सांभाळला आहे.

आम्ही ते कॉम्प्युटरातले विमान इंटरनेटवरून लोकांना फुकट वापरायला दिले. लोकांच्या तक्रारी आल्या, की हे फार अवघड आहे, सारखे गिरकी घेते. लंबूने मला न विचारता शेपटीच्या चाकाची पकड वाढवली आणि ते माणसाळवून टाकले. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला, लोक पहिल्या दिवशीच पळून जातात, आधी बसू तर दे त्यांना. मी म्हटले, खोटे शिकवून मग खरे कसे शिकवणार? त्यावर तो म्हणाला, "तू मास्तर नाहीस. फौजदार आहेस."

तेव्हापासून अबोला. बाजारात समोर आलो की तो कोबी बघतो आणि मीही कोबी बघतो. त्या बाजारातल्या कोबीकडे आमच्याइतके कुणी निरखून बघितले नसेल.

कलम सहावे हे पत्नीसाठी. तिने ते एकटीने वाचावे.

तू माझ्या विमानात कधी पाऊल टाकले नाहीस. म्हणायचीस, घरातला एक माणूस वर असला की पुरे. पण मागच्या खोलीत स्टूल घेऊन बसायचीस, शेंगा सोलायचीस आणि मान वर न करता सांगायचीस की डावीकडे चाललंय. बहुतेक वेळा चाललेले असायचे.

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या पायांना काही कळेनासे झाले. चप्पल पायातून निघाली तर ती मला आवाजावरून कळते. उतरताना विमान दर वेळी गिरकी घ्यायचे आणि मी उसासा टाकायचो. मग एकाएकी सगळे सरळ उतरायला लागले. मला वाटले नव्या गोळ्या लागू पडल्या. तुला म्हटलेही, बघ, अजून जमतंय. तू म्हणालीस, "जमणारच."

एके दिवशी आडवा वारा लावून उतरलो. थांबल्यावर खाली बघितले तर डावा पाय पेडलवर नव्हताच. तो केव्हाचा जमिनीवर पडला होता आणि विमान मात्र पट्टीने आखल्यासारखे धावले होते. कॉम्प्युटरातली सेटिंगची यादी उघडून बघितली. पायांची मदत, पूर्ण. म्हणजे पायांचे काम कॉम्प्युटर करत होता. नंतर धाकटीने सांगितले की तूच तिला फोन करून विचारले होतेस, बाबांचं विमान सरळ चालेल असं काही असतं का गं, म्हणून.

मी रागावलो नाही. बाहेर आलो तेव्हा तू पाठमोरी होतीस आणि चहा ठेवू का विचारलेस. मी ठेव म्हटले. ती मदत मी अजून बंद केलेली नाही. मी उडवत असतो, तू सोलत असतेस, छान चालले आहे. एवढेच सांगायचे होते, आणि तोंडाने सांगणे जमले नसते.

कलम सातवे. धाकटीला डोंगरातल्या मालवाहतुकीची नोकरी लागली आहे. तिचा परवाना आहे तो पुढे चाक असलेल्या विमानांवरचा. ती विमाने उतरली की आपसूक सरळ होतात. आता तिला मिळणार ते शेपटीच्या चाकाचे, आम्ही उडवायचो तसलेच. कंपनी शिकवेल, पण घाईत. पहिला वाकडा वारा कुणासाठी थांबत नाही. अशा पहिल्या वाऱ्यात गेलेला एक मुलगा मी ओळखत होतो. त्याच्याविषयी इथे लिहिणार नाही.

म्हणून तिला मी मागच्या खोलीत बसवले, तिच्यापुरती मदत बंद करून. दोन-तीन सुट्ट्या शिकवून बघितले. तिने विचारले, "बाबा, आत्ता तुम्ही पाय किती दिला असता?" मी माझ्या पायाला विचारले. त्याने उत्तर दिले नाही. तोंडाने किती सांगणार? हे पायाने दाखवायचे काम आहे आणि शेजारी बसून ते दाखवू शकेल असा आता एकच माणूस उरला आहे.

सबब, खुर्ची, पडदे, कॉम्प्युटर आणि पेडलांची जोडी मी धाकटीला देतो. नवी केलेली दुसरी जोडी, जी शेजारी बसणाऱ्यासाठी आहे आणि लांब पायांच्या मापाने केली आहे, ती लंबूला देतो. विमानाच्या मूळ आकड्यांवर दोघांचा मिळून हक्क राहील. एकट्याने कुणी एकही आकडा बदलू नये. त्या भांडणात मी बरोबर होतो आणि आजही आहे. पण पाय माझे गेले, त्याचे आहेत. त्याने माझ्या लेकीला शिकवावे अशी विनंती आहे. विनंती हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

हा मसुदा वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. मुलीची नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होते. तुम्ही तब्येतीने बरे आहात. हे जुळायचं कसं?" मला खरेच सुचले नव्हते. माझी आणि लंबूची ही जुनीच तऱ्हा आहे, जे समोर बोलायचे ते कुठेतरी लिहून ठेवायचे आणि दुसऱ्याने ते आपणहून वाचावे म्हणून वाट बघायची. त्यांना म्हटले, असू दे तसेच. आता पुन्हा लिहायचे त्राण नाही.

पुरवणी, सह्यांच्या दिवशी लिहिलेली. साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टरीणबाई. दुसरा म्हणून मी लंबूलाच बोलावणे धाडले, कारण मला त्याच्याइतका जुना ओळखणारा कुणी नाही. निरोप धाकटीने नेला, फक्त सहीपुरते या म्हणून. तो आला. दारात मान वाकवली, वाकवावीच लागते त्याला, माझ्या पायांकडे बघितले आणि खुर्ची ओढून बसला. वकीलबाई मोठ्याने वाचू लागल्या. सहावे कलम मी वगळायला सांगितले. पाचव्याला तो खाकरला. सातवे संपले तेव्हा त्याने पेनाचे टोपण काढून ठेवले होते.

वकीलबाईंनी त्याचा हात थांबवला. म्हणाल्या, ज्याच्या नावे काही ठेवलं आहे त्याने साक्षीदार राहू नये, उद्या त्यावरून वाद निघतो.

लंबूने कागद स्वतःकडे ओढला. मग विचारले, "म्हणजे सही तरी करायची, नाहीतर घ्यायचं तरी?"

"तसंच समजा."

त्याने टोपण परत लावले, पेन खिशात ठेवले आणि म्हणाला, "शेजारच्या शिंप्याला हाक मारा." मग माझ्याकडे न बघता विचारले, "कुठंय ती?"

मी मागच्या खोलीकडे बोट केले. तो गेला. जाताना दार पुरते लावले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला आहे, सहावे कलम मी स्वतः वाचले आहे, आणि सर्व मला मान्य आहे. सातव्या कलमातली विनंती मी मरेपर्यंत थांबली नाही, तरी ती खोडू नये.

लिहून देणार: सही, निवृत्त वैमानिक

साक्षीदार: सही, डॉक्टरीणबाई

साक्षीदार: सही, शेजारचा शिंपी, गळ्यात टेप तसाच ठेवून आलेला. सही करताना त्याने विचारले की आत कसला आवाज चाललाय. त्याला सांगितले, शिकवणी.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. तारीख वकीलबाई शिक्क्याजवळ घालतील.