तव्याचा मान

चौबे कॉलोनी, रायपूर
७ एप्रिल

चि. भार्गव यास अनेक आशीर्वाद.

मला फोनवर ऐकू येत नाही आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू सुशीलचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून स्पीड पोस्टाने लिहिते आहे. परवा लिंबाएवढ्या गारा पडल्या. गल्लीची नाली गारांनी बुजली आणि पाणी घरात शिरून पलंगाला लागले. गारा थांबाव्यात म्हणून घरच्या पहिल्या लेकराने अंगणात लोखंडी तवा फेकायचा, हे तुला ठाऊक आहेच. लहानपणी तो मान तुझा होता, आणि तवा फेकून तू गल्लीभर कॉलर ताठ करून फिरायचास. आता तू नाहीस म्हणून तुझे बाबा उठले. मी हात धरला तर म्हणाले की पोट्टा नाही तं मी जातो, मी बी माझ्या मायचा पहिलाच होय. तवा फेकला, डोक्यात गार बसली आणि तिथेच पाण्यात पडले. मला एकटीला उचलवेना. सुशील धावत खाली आला तोवर नाकातोंडात पाणी गेले होते.

डोक्याला टाके आहेत, छाती भरली आहे. वय पाहता काही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. भिंती ओल्या, गाद्या ओल्या. हे तापात तुझेच नाव घेतात. ये बाबा, एकदा तोंड दाखव. लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.

तुझी आई

पुणे
१४ एप्रिल

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसूच आले, रागावू नकोस. जन्म रेल्वेच्या नोकरीत गेला आणि माणूस आभाळाला तवा दाखवतो! बाबांना सांग, पुढच्या वेळी तवा फेकू नका, डोक्यावर धरा.

तुझ्या सूनबाईने, स्नेहलने, नव्या घराची वास्तुशांत ठरवली आहे, पत्रिकाही वाटून झाल्या. मेअखेर यायचे बघतो. ताप आला की सगळ्या घराला उशाशी बसवायचे, हा बाबांचा स्वभाव तुला नवा नाही. गाद्या गच्चीवर टाक, ऊन आहेच. लोभ असू दे, काळजी नको.

तुझा भार्गव

रायपूर
२३ एप्रिल

भार्गव यास,

तुझे पत्र आले तेव्हा हे शुद्धीवर होते. वाचून दाखव म्हणाले. तू गाडीत बसल्याचे लिहिले आहेस, असे मी वाचून दाखवले. तेव्हापासून ते दाराकडे तोंड करून पडून राहिले.

रविवारी सुशील औषध घेऊन आत आला. यांना नीट दिसत नव्हते. तूच आलास असे समजून उशीर केल्याबद्दल त्याला दोन शिव्या हासडल्या, मग हात धरला आणि आता जाऊन नको राहू, इथंच राह्य म्हणाले. सुशील हव बाबा म्हणाला आणि जीव जाईपर्यंत त्याने हात सोडला नाही. अग्नीही त्यानेच दिला. तो तुला फोन करणार होता, मी करू दिला नाही.

तेव्हा तुझे येऊन झाले आहे. आता मुद्दाम येऊ नकोस, तेरवीलाही नको. यांना भेटलेला मुलगा मला पुरे आहे.

कळावे.

कांताबाई