बैठकीतलं विमान आणि बोळातली आगगाडी

प्रिय धाकटे,

तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे कोण, हे आठवायला तुला थोडा वेळ लागेल, म्हणून इथे जरा थांबते. (तीच, जिच्याशी तू मागच्या फोनवर तुझ्या गळक्या नळाबद्दल बराच वेळ बोललीस आणि शेवटी "मग माणूस कधी पाठवताय?" असं दरडावून विचारलंस. मी उद्या पाठवते म्हणाले. आला का?) आठवलं असेल तर पुढे ऐक. तुझी तब्येत बरी असेल, चष्मा डोक्यावरच असेल, आणि तो शोधायला तू दुसरा चष्मा डोळ्यांवर लावला असशील. माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी सगळं माझं ऐकतं. अक्षरांच्या वाटेला मी कधी गेले नाही हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे मी बोलतेय आणि सून लिहितेय. ती कपडे शिवते, उसवते, मापात बसवते. म्हणून माझं वाक्य लांबलं की तिचा हात कात्रीकडे जातो. मी तिला बजावलंय, बाई, याचं माप घेऊ नकोस, जसं आहे तसं लिही. (सून लिहिते: मावशी, जसं आहे तसंच लिहितेय, माझा नाइलाज आहे.)

बातमी अशी की आम्ही युरोप बघायला निघतोय. आम्ही म्हणजे तुझा भाचा, सून आणि मी. मला एकटीला घरी ठेवलं तर मी शेजाऱ्यांना सुधारत बसेन, या भीतीने मलाही नेतायत. तुझा भाचा अजून वजनकाटेच दुरुस्त करतो. (सगळे त्याला काटेवाला म्हणतात, हल्ली मीही म्हणते. ठेवलेलं नाव आता फक्त सुनेला आठवतं, आणि तेही रागात.) त्याने चार गावं ठरवली आहेत. त्यांची नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी आपली माझी ठेवली: घड्याळाचं गाव, पाण्यातलं गाव, वाकड्या मनोऱ्याचं गाव आणि जिथे नुसत्या भिंतीवरच्या तसबिरी बघत उभं राहायचं ते गाव. तुझं गाव तिकडचंच, पण यात नाही. कारण तुझ्या गावाला विमानतळ नाही. एक फलाट, दोन बाकं आणि तू सांगतेस ते बदक, एवढाच तुमचा थाट. तिकडे पोचल्यावर गावोगाव विमानाने फिरलो तर आम्ही तुझ्या डोक्यावरून जाणार. काटेवाला मला म्हणाला, "आई, खिडकीतून मावशीला हात कर की." मी म्हटलं, ती वर बघायला विसरेल. आगगाडीने गेलं तर मात्र पाण्यातल्या गावाहून घड्याळाच्या गावाला जाताना नेमकी तुझ्या फलाटावर गाडी बदलावी लागते. तेव्हा विमान की आगगाडी हा त्यांचा सोयीचा प्रश्न असेल. माझ्यापुरता तो तू की तुझ्यावरचे ढग, असा आहे. फोनवर तू दिसतेस असं सगळे म्हणतात, पण तू फोन इतका वर धरतेस की कितीतरी वर्षं मी नुसतं तुझं कपाळ बघतेय. चांगलं आहे कपाळ. पण आता उरलेली बहीण बघायची आहे.

तर घरात दोन पक्ष पडले. काटेवाला विमानाचा. विमानतळावर प्रत्येकाची बॅग तोलतात, हे ऐकल्यापासून त्याला त्या लोकांबद्दल सख्ख्या भावासारखा जिव्हाळा वाटतो. आगगाडीत कुणीच काही तोलत नाही, म्हणून ती त्याच्या मते बेशिस्त माणसांची सवारी. सून आगगाडीची, कारण पायाखाली जमीन नसली की तिला आपली शिवण उसवल्यासारखं वाटतं. मी सुनेच्या बाजूने. (सासू-सुनेचं एकमत झालेलं बघून काटेवाला खुर्ची न बघताच खाली बसला. खुर्ची तिथे नव्हती.) भांडण मिटेना, तेव्हा त्याने धंद्यातला नियम काढला. दुरुस्त केलेला काटा तो कधी नुसता हातात देत नाही, आधी त्यावर वजनं ठेवून दाखवतो. तसंच आता विमान आणि आगगाडी दोन्ही घरात चालवून बघायची, जी टिकेल तिचं तिकीट काढायचं. बाकीच्या घरांत लोक अशा वेळी चिठ्ठी टाकतात. आमच्याकडे माणसंच टाकतात.

पहिल्यांदा आगगाडी. खोल्यांमधला बोळ म्हणजे गाडी, झोपायची खोली म्हणजे पाण्यातलं गाव, स्वयंपाकघर म्हणजे तुझं गाव आणि गॅलरी म्हणजे घड्याळाचं गाव. (तिथलं घड्याळ बंद आहे, पण नाव लागू पडलं.) गाडीला हादरे हवेत, म्हणून बोळातल्या वॉशिंग मशीनमध्ये एक पायपुसणं आणि काटेवाल्याचे जाड बूट टाकून ते चालू केलं आणि माझं स्टूल त्याला टेकवून मला बसवलं. तिकीट तपासायला खालचा औषधवाला बोलावला. तो माणूस एरवी गोगलगाईसारखा. पण सुनेने त्याला जुन्या कोटाची पितळी बटणं लावून दिली आणि त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे! सुनेने तिकीट म्हणून दिलेला निळ्या कापडाचा तुकडा त्याने उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला आणि म्हणाला, "आजी, हे न्हाणीघरापर्यंतचंच आहे." मी म्हटलं, अरे, तुझ्या दुकानातून गेली कितीतरी वर्षं गुडघ्याचं मलम नेतेय मी. तो म्हणाला, "गाडीत ओळख चालत नाही." आणि खरंच मला न्हाणीघराशी उतरवलं. पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन तेवढ्यात माझ्या स्टुलावर बसला आणि उठेना. त्याच्याकडे म्हणे हिरवं कापड होतं. शेवटी सून धावत गेली आणि पुढचं तिकीट कापून घेऊन आली, तेव्हा कुठे मला जागा परत मिळाली. मग ते बूट असे काही लयीत आपटायला लागले की माझा डोळा लागला. इतकी गाढ झोप मला अंथरुणात लागत नाही! जागी झाले ती गॅलरीत. तुझं गाव, म्हणजे स्वयंपाकघर, झोपेतच मागे पडलं होतं, आणि औषधवाला स्टूल ढकलत मला घड्याळाच्या गावापर्यंत घेऊन आला होता.

काटेवाल्याला आयतंच सापडलं. "बघा, खऱ्या गाडीतही आई अशीच झोपणार आणि मावशी फलाटावर बदकाशी बोलत उभी राहणार." त्या दिवशीचं माझं जेवण अर्धं राहिलं. (सून लिहिते: राहिलं नव्हतं.)

मग विमान. बैठकीत तीन खुर्च्या एकीला एक चिकटवून मांडल्या आणि समोर कपाट इतकं जवळ ओढलं की गुडघे त्याच्या दाराला लागावेत. दारात काटेवाल्याने लटकता काटा बांधला आणि सगळं सामान तोललं. माझी औषधांची पिशवी तोलली, चपला तोलल्या, कवळी काढून मागितली, ती मी दिली नाही. आणि तिकडच्या छोट्या विमानाच्या मापाने वजन जरा जास्त भरलं. दुसऱ्या कुणी बॅगेखाली हळूच गुडघा दिला असता. पण हा काटेवाला! स्वतःच्या आईसाठी काटा खोटा पाडणार नाही. काय काढायचं, काय काढायचं करता करता त्याची नजर तुझ्यासाठी शिवलेल्या रजईवर गेली. आपल्या आईच्या जुन्या साड्यांची आहे ती. सरळ आलेला प्रत्येक टाका सुनेचा आणि वाकडा प्रत्येक टाका माझा. तो म्हणाला, "ही ठेवू या, मावशीकडे रजया असतीलच." मी रजई मांडीवर घेऊन बसले. मी अशी बसले की घरात काय होतं ते तुला माहीत आहे. सुनेने यावर तोड काढली. बॅग तोलतात, माणूस तोलत नाहीत. मग सामान माणसाने अंगावर घालावं. तिने एका जुन्या लांब कोटाला आतून खिसे शिवले. आधी थोडे, मग हात थांबेना. अस्तरात खिसे, बाहीत खिसे, खिशांना खिसे. तो चढवल्यावर मी आरशात बघितलं, तर दुकान बंद करून चालू लागलेलं कपाट दिसलं.

कोट टिकतो का ते बघायला काटेवाल्याने सामानाऐवजी आपली काटे तपासायची लोखंडी वजनं त्या खिशांत भरली होती. मग गिऱ्हाइकाचा फोन आला, तो बोलत गॅलरीत गेला, आणि परत आला तेव्हा वजनांची गोष्ट साफ विसरला. (यात तो तुझ्यावर गेलाय.) सुनेला तर ती ठाऊकच नव्हती. कोट मधल्या खुर्चीवरच पसरलेला होता, त्यातच तिने मला बसवून बाह्या चढवल्या, एका बाजूला औषधवाला, दुसऱ्या बाजूला वायरमन. पंखा पूर्ण वेगाने सोडून विमान निघालं. काटेवाला पुढे उभा राहून ढगांची माहिती देत होता. विमान उतरल्यावर तो म्हणाला, "चल आई, ऊठ." मी उठायला गेले आणि उठेना. त्याने एक हात धरला, वायरमनने दुसरा धरला, मी तसूभर हलले नाही. खुर्ची मात्र करकरली. औषधवाल्याने नाडी बघितली आणि उगाच गंभीर झाला. सून म्हणाली, "पाय गेले की काय हो!" काटेवाल्याचा चेहरा पांढराफटक. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, विमान नको. तुला पाहिजे तशी जाऊ. गाडीने जाऊ, मावशीला भेटू, तू फक्त ऊठ." डॉक्टर आले, त्यांनी कोट काढायला सांगितलं. कोट जमिनीवर धाडकन पडला आणि फरशीला तडा गेला. मी उठून चहा टाकला.

पण बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, हाही त्याचा धंद्यातलाच नियम. तिकिटं आगगाडीची निघाली. रजई बॅगेत आहे. तुझ्या फलाटावर आमची गाडी दुपारी लागेल आणि पुढची लगेच आहे, घाईघाईत एक कप चहा होईल एवढाच वेळ मधे आहे. दिवस आणि वेळ सून खाली ठळक लिहील. ती तुझ्या फ्रिजच्या दारावर लाव, आणि फ्रिज कुठे आहे ते बदकाला सांगून ठेव. फलाटावर ये. येताना तुझ्या झाडाच्या सफरचंदांच्या मुरंब्याची मोठी बरणी आण. काटेवाला लहानपणापासून त्याच्यासाठी जीव टाकतो. तुझ्या लेकीला, जावयाला आशीर्वाद. मला गाडीत झोप लागू नये म्हणून सून शेजारी बसणार आहे, सुई घेऊन.

तुझीच (कोणाची ते वर सांगितलंय),
थोरली

ताजा कलम: सून म्हणते, भेट थोडी असली तरी भेट ती भेट. मी हो म्हटलं.

आणखी एक ताजा कलम: हे खाली औषधवाल्याकडून लिहून घेतेय, सून दोरा आणायला गेली आहे. (याने बटणं अजून काढलेली नाहीत.) दोन गोष्टी. एक, खिशांत वजनं आहेत हे मला कोट चढवतानाच कळलं होतं. गुडघे गेलेत, अक्कल नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. एका कपात मी कपाळाच्या खालीसुद्धा पोचणार नाही गं. मला तुझ्याकडे रात्रभर राहायचंय, तुझ्या अंथरुणात, पाय तुझ्या अंगावर टाकून, तुला घोरू न देता. काटेवाला गाडी चुकवणाऱ्यातला नाही. पण मुरंबा सोडून जाणाऱ्यातलाही नाही. तेव्हा वर लिहिलंय तशी फलाटावर ये, पण बरणी घरी विसर, म्हणजे ती घ्यायला आम्हाला तुझ्या घरी यावंच लागेल आणि गाडी निघून जाईल. आयुष्यभर फुकट विसरलीस, एकदा कामासाठी विसर. आणि एक छोटी बरणी आत्ताच पोस्टाने पाठव, त्याच्या जिभेला आठवण राहील एवढीच, पोट भरेल एवढी नको. वर थोडी दालचिनी घाल, त्याला ती लागते.