माळ्यावरची टाकी

१४ नोव्हेंबर

मागच्या खोलीतला रेडिएटर पुन्हा गार, खोलीला ऊबच नाही! खाली कोमट, वर बर्फ — म्हणजे आत हवा शिरलीय. शिडी लावून माळ्यावर चढले. रेडिएटरांना पाणी देणाऱ्या टाकीत पाणी तळाला. आत्ता तर भरली होती! सगळ्या पाईपांवरून कोरडा कागद फिरवला. एक थेंब नाही. मग जातंय कुठे?

त्यात खिडकीतलं जिरेनियमचं रोपही मान टाकून बसलंय. गारठ्याने असणार.

मकार खाटेवरून बघत होता. कोळशाचा बॉयलर त्याने बसवला, पाईप त्याने जोडले. आता हाच नवरा मला विचारतो, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" तुझ्याकडेच, म्हाताऱ्या. चहा पी.

१६ नोव्हेंबर

रोदिओनचा फोन. पोटचा पोरगा, पण बोलतो साहेबासारखा. "आई, बॉयलरला चीर गेली असणार. बाबांना वृद्धाश्रमात ठेवू, तिथे नर्स असते. तू माझ्याकडे ये."

म्हटलं, चीर असती तर निखाऱ्यावर पाणी चुरचुरलं असतं. मला कान आहेत अजून.

"अगं, पण बाबा त्याच गार खोलीत झोपतात ना! पुढच्या रविवारी येतो. खोली गरम नसली तर बाबांना घेऊन जाणार. भांडायचं नाही."

भांडायचं नाही म्हणे! ये तर खरा.

१७ नोव्हेंबर

दोन बादल्या पाणी वर टाकीत नेलं. गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या, मी त्यांना.

१८ नोव्हेंबर

शेजारची उस्तीन्या आली. माझी बिस्किटं खात म्हणाली, "फेन्या, गळत नसेल तर कुणीतरी काढतंय. माझी सून नाही का, रेडिएटरचं गरम पाणी काढून जमीन पुसायची! नुसती आळशी."

"माझ्याकडे कोण काढणार? मी, आणि एक म्हातारा — त्याला पायमोजा कुठला नि टोपी कुठली ते कळत नाही."

टाकी पुन्हा अर्धी.

२० नोव्हेंबर

सापडला चोर!

सकाळी कोळसा घालायला उठले. मागच्या खोलीत फिस्स आवाज. मकार रेडिएटरपाशी वाकलेला. एका हातात खिळ्यावर टांगलेली हवा काढायची छोटी चावी, दुसऱ्यात पेला. हवा गेली, पाणी आलं — आणि हा बंदच करेना! पेला भरला की जिरेनियमला, पुन्हा भरला की हात धुवायच्या बादलीत. ती बादली रोज मीच ओतते! काळं, गंजाचं पाणी. आंधळी आहे मी.

जन्मभर हेच केलं त्याने. उठायचं, हवा काढायची, मग चहा. काढायची आठवण राहिली, बंद करायची गेली.

"चावी दे."

"हात लावू नका, बाई. लेकरं झोपलीत. गारठतील."

लेकरं! लेकरू तिकडे टक्कल पडून बसलंय, बापाला आश्रमात टाकायला.

चावी लपवली की झालं, रविवारी खोली गरम. मग सकाळी उठून त्याने करायचं काय? छताकडे बघायचं? ते तर आश्रमातही होईल.

नाही लपवणार.

२१ नोव्हेंबर

टाकी काठोकाठ भरली. सकाळी त्याच्या शेजारी उभी राहिले. पाण्याची धार आली की म्हणायचं, "बंद कर." तीनदा ओरडावं लागलं. केलं.

२२ नोव्हेंबर

एकदाच ओरडले.

२३ नोव्हेंबर, रविवार

रोदिओन आला. बूट न काढताच मागच्या खोलीत. रेडिएटरवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला!

"काय झालं होतं?"

"हवा."

"दुरुस्तीला कोणाला बोलावलंस?"

"घरचाच माणूस आहे."

बापाकडे बघितलंही नाही त्याने. "पुढच्या महिन्यात पुन्हा बघू," म्हणाला. बघ की. आधी बूट काढ.

२४ नोव्हेंबर

आज मी तोंड उघडायच्या आत मकारने पाणी बंद केलं. रेडिएटरला कान लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फेन्या, पाणी कमी आहे. टाकीत एक बादली घाल."

टाकी भरलेलीच होती. तरी शिडी चढले.