भिंतीला ठोकलेलं

अण्णा,

मी घर घेतलं. पेणलाच, गणपतीच्या कारखान्यांच्या मागच्या आळीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, लिफ्ट नाही. जिन्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी असते, ती चपलांबरोबर घरात येते. हौस म्हणून घेतलं नाही. रोहा सोडल्यापासून आधी तुमच्याबरोबर आणि मग एकटी मी भाड्याच्याच खोल्यांत राहिले, आणि आता राहते ती इमारत पाडायला काढली, म्हणून घेतलं. तुम्ही आधी विचारलं असतंत, नवं की जुनं. जुनं. विकणारी नवराबायको तिशीतली. तो डोलवीच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे होता, ते काम सुटलं, आता गुजरातेत कुठल्याशा कंपनीत लागलाय.

घराचा भाव एका दुपारी ठरला. सामानाला मात्र तीन फेऱ्या लागल्या. एजंट म्हणाला, "मॅडम, घराचं झालं, लाकडी सामानाचं तुम्ही आपसात बोला," आणि फोनवर बोलत खाली निघून गेला. पलंग, दोन कपाटं, सोफा, जेवणाचं टेबल. मला ते हवंच होतं. माझ्याकडे एक लोखंडी खाट आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या, आणि या वयात सुताराच्या मागे लागायची माझ्यात ताकद नाही. शाळेच्या ऑफिसात बसून बसून मला एक जमतं, समोरच्याच्या कागदातली चूक काढायची. तशीच मी त्या सामानातली चूक काढत गेले. खाली बसून कपाटाच्या तळाशी अंगठा दाबला. प्लाय ओलीनं फुगला होता, अंगठा आत गेला. पलंगाचा कप्पा अडकत होता, तो तीनदा ओढून दाखवला. नवरा मान हलवत उभा. म्हणाला, "व्हय ताई, पावसात पाणी येतं त्या बाजूनं." घर विकणारा माणूस स्वतःहून हे सांगतो, अण्णा. मी त्याचेही पैसे कमी करून घेतले.

तिसऱ्या फेरीला त्याची बायको चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच म्हणाली, "ताई, आरसा तेवढा मी नेला तर चालंल का? माझ्या वडलांनी केलाय. गावावरनं, निडीवरनं टेम्पोत घालून आणला होता." आतल्या खोलीत भिंतीवर स्क्रूने बसवलेला आरसा. सागाची चौकट, खाली फणी-टिकल्यांसाठी एक छोटा खण. यादीत तो नव्हताच, मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आणि मी म्हणाले, "भिंतीला ठोकलेलं घराचंच असतं."

ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पण हा खरंच वडलांनी..." तो म्हणाला, "राहू दे गो." तिने चहा माझ्यापुढे ठेवला. मी प्यायले. साखर जास्त होती. हे मला स्पष्ट आठवतं, बाकी काही वाटल्याचं आठवत नाही. ते वाक्य कुणाचं, हे तिथून निघून बस स्टँडपर्यंत चालत आल्यावर लक्षात आलं.

आई जाऊन तेव्हा चार महिने झालेले. मी बारा वर्षांची. आपल्या रोह्याच्या खोलीत ती विकत घेणारा माणूस आणि त्याची बायको येतात. ती सरळ स्वयंपाकघरात जाते आणि स्टीलच्या मांडणीवरून हात फिरवते. ताटं अजून आईने लावल्यासारखीच आहेत, मोठ्याकडून लहानाकडे, मी तशीच लावायची म्हणून. तुम्ही नुकतेच पोस्टातून आला आहात, पिशव्यांना सील करताना लागलेली लाल लाख नखांत तशीच आहे. मी म्हणते, "मांडणी आमची आहे. आईची आहे." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "गप्प बस. भिंतीला ठोकलेलं घराचंच असतं." मग त्या माणसाला म्हणता, "टेबल, खाट, पाट, सगळं घ्या." पाटांचं त्याने विचारलंही नव्हतं. तोच ओशाळून म्हणतो, "अहो, मुलांना काहीतरी लागेल ना." तुम्ही म्हणता, "नाही लागणार." आठवड्याने मी आणि धाकट्याने ताटं उतरवून पोत्यात भरली आणि आपण दोन ट्रंका घेऊन एसटीने पेणला आलो. इथे तुम्ही भांडी पालथी घालायला बांबूची टोपली आणलीत. त्यात ती नीट राहायची नाहीत, वाडगे घरंगळायचे. तुम्ही ते दर वेळी उचलून परत ठेवायचात, वैतागल्याचं कधी दिसलं नाही.

मी लोकांना सांगत आले की आमचे अण्णा भोळे, त्यांना त्या माणसाने नागवलं. तसं नव्हतं. आता मी घेणाऱ्याच्या जागी उभी राहिले, तेव्हा कळलं. तुम्ही एक शब्द टाकला असतात तर त्याने अर्धं सामान सोडलं असतं, मांडणी तर नक्कीच. तुम्हालाच ती नको होती. चार महिने तुम्ही त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही जात नव्हतात, मला हाक मारायचात. हे मला तेव्हा दिसत होतं. पण मांडणी मला हवी होती, म्हणून मी ते हिशेबात धरलं नाही.

ताबा घ्यायला गेले तेव्हा ती दोघं आदल्या दिवशीच निघून गेली होती. चाव्या एजंटकडे. घर झाडलेलं, पुसलेलं. कपाटाच्या प्रत्येक फळीवर नवा कागद, कडा आत दुमडलेल्या. पलंगाच्या कप्प्याला मेण लावलं होतं, तो सरकन उघडला. आरसा जागेवर होता, त्याचा खण रिकामा, आतून ओल्या फडक्याने पुसलेला. मी पलंगावर बसले, तासभर तरी बसले असेन. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मग मी तिच्या नवऱ्याच्या नंबरवर फोन केला. तिने उचलला. म्हटलं, आरसा काढून पाठवते, माणूस बघते, पैसे नकोत. मागे मूल रडत होतं. ती म्हणाली, "नको ताई. हितं भाड्याची खोली हाय. मालक भिंतीला खिळा मारू देत नाय." मी म्हटलं, मग तुझ्या वडलांकडे पोचवते, निडी काय लांब नाही. ती पटकन म्हणाली, "नको नको. त्यांना सांगितलंय, आरसा आमच्यासंगती आलाय."

मग तीच म्हणाली, "पाणी येतं ना त्या बाजूनं, कपाट पावसाआधी सरकवून घ्या." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तेव्हा आणखी एक सांगते. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी मी तुमची खोली रिकामी केली. दुपारच्या जेवणापर्यंत संपलं. कपडे, ट्रंक, रेडिओ, चष्मा, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर. त्याने चष्मा परत करायला हात पुढे केला होता, मी नको म्हटलं. धाकट्याने फोनवर विचारलं, काही ठेवलंस ना गं? मी म्हटलं, चष्मा ठेवलाय. नऊ वर्षं तो अधूनमधून विचारतो आणि मी म्हणते, आहे, कपाटात आहे. पुढच्या महिन्यात तो नवं घर बघायला येतोय. त्याला काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.