प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र

३ नोव्हेंबर
निर्णय पक्का. सुरया, सफरचंदं, होड्या बंद. वीस वर्षं जलरंग हाताळतोय, आता स्त्रीदेह. चित्रकार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात यंदा मधली भिंत माझी. सेक्रेटरी म्हणाला, तुमच्या चित्रात बाई आली की पाठमोरी असते, तीही छत्रीखाली. हसलो. मनात म्हटलं, बघच. आपण वास्तववादी. दिसतं ते काढतो, लाजत नाही.

५ नोव्हेंबर, सकाळी ११
आर्ट स्कूलमधल्या मॉडेलबाईंना फोन केला. त्या हॅलो म्हणाल्या. ठेवून दिला. रेंज नसावी.

दुपारी ४
काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात बायको असताना बाहेर शोधतोय कशाला?

८ नोव्हेंबर
विचारायला चार वेळा गेलो. दोनदा चहा मागितला, एकदा कात्रीला धार लावून आणू का म्हणालो. चौथ्यांदा ती शिलाई मशीनवर होती, तोंडात टाचण्या. तेवढ्यात सांगून टाकलं. टाचण्या काढून म्हणाली, या वयात? मग बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, बसते. आवाज जरा वेगळा आला. थंडीमुळे असेल.

१२ नोव्हेंबर, रविवार
पहिली बैठक. पडदे लावले, कडी तीनदा तपासली. ती समोर बसली. गुडघ्यांवर चादर, बाकी काही नाही. दोन तास काम. चादर पूर्ण! चुण्या अशा उतरल्यात की इस्त्री फिरवावीशी वाटेल. पाया भक्कम हवा. ती म्हणाली, तुम्ही वर बघितलंच नाहीत. म्हणालो, हलू नकोस.

१९ नोव्हेंबर, रविवार
दुसरी बैठक. चेहरा, खांदे झाले. नजर त्याखाली गेली की चष्म्यावर वाफ धरते. म्हणून तंत्र बदललं. मुरलेल्या वास्तववाद्याला एक नजर पुरते, बाकी आठवणीतून. चोवीस वर्षांचा संसार आहे, चेष्टा नाही. (आधी दिवा मालवायची शिस्त मात्र माझीच.) तिला म्हणालो, झालं, ऊठ. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

२३ नोव्हेंबर
पोट एका वॉशमध्ये, पातळ रंगाच्या एकाच हातात उतरलं. कुठे डाग नाही. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नाही, एवढंच.

२४ नोव्हेंबर
तिला दाखवलं. बराच वेळ बघत होती. मग विचारलं, ही कोण?

म्हणालो, तूच की! ती म्हणाली, मग माझे टाके कुठायत?

दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली. बेंबीखाली वीतभर उभा व्रण आहे म्हणे. 'म्हणे' लिहितोय, कारण मी तो पाहिलेलाच नाही. ऑपरेशनच्या वेळी मी लँडस्केप कॅम्पला होतो. डॉक्टर साधंच आहे म्हणाले होते. मेहुणी होती सोबत. फोन केला होता. दोनदा.

ती म्हणाली, दोन रविवार जीव मुठीत धरून बसले होते. आता बघतील, आता काहीतरी बोलतील. किळस आली तरी चालेल, असं ठरवून बसले होते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा करू का, म्हणालो. नको म्हणाली.

२५ नोव्हेंबर
व्रण घालायचं ठरवलं. कातडीपेक्षा फिका लागेल. पण जलरंगात फिकं मागाहून लावता येत नाही, कागद आधीच कोरा सोडावा लागतो. म्हणजे ते तिथे आहे, हे आधी ठाऊक लागतं. तरी ब्लेडने खरवडायला घेतलं. तिने हात धरला. राहू द्या, म्हणाली, चित्रातल्या बाईचं बरं चाललंय.

२६ नोव्हेंबर, रविवार
म्हणालो, आज पुन्हा बस. आज बघतो, शपथ. म्हणाली, नको, शिवायला पडलंय. दारातून वळून म्हणाली, ते चित्र खुशाल पाठवा. ती मी नाहीच, मला कसली लाज?

लाज मला वाटली. दिवसभर.

३० नोव्हेंबर
चित्र नेऊन दिलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता: प्रत्यक्ष पाहून, फोटोवरून, कल्पनेने. पहिल्यावर पेन टेकवला, उचलला. 'कल्पनेने'पुढे खूण केली. सेक्रेटरीने कानाशी येऊन विचारलं, वहिनी का? नाही म्हणालो.

घरी आलो तर ही जेवायची थांबलेली. तिने वाढलं, समोर बसली. आज तिच्याकडे नीट बघायचं, असं वाटेत ठरवलं होतं. खाली मान घालून जेवलो.