दोन काळे पेन ड्राइव्ह

४ मे, रविवार
विंडोज म्हातारं झालंय. लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरवलं. ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळे मलाच विचारतात, त्यामुळे काम फार तर तासाभराचं. अलिबागला ऑफरमध्ये घेतलेले दोन काळे पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये होतेच. एक माझा. दुसऱ्यात बायकोच्या, सुचिताच्या, बायजाआत्याचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी. आत्या नागावची धवलारीण, गावातली लग्नं तिच्या गाण्यांवर लागली. आता घसा गेलाय, म्हणून मेहुण्याच्या मुलीच्या, भक्तीच्या, हळदीला रेकॉर्डिंग वाजवणार.
माझ्यावर लिनक्स चढवलं. बायको म्हणाली, दोन्ही सारखेच आहेत, खूण करून ठेवा. म्हटलं, मला कळतं.

५ मे
सुचिता माहेरी नागावला गेली. रिक्षा दारात, घाई. तिचा पेन ड्राइव्ह मीच काढून दिला.
संध्याकाळी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. लॅपटॉप जुना, दुसरं काय.

६ मे
बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो. यूएसबी पहिल्या नंबरावर आणली. सिक्युअर बूट बंद. तरी तेच. उद्या पहाटे उठून, शांत डोक्याने.

७ मे
साडेआठला उठलो. पोर्ट बदलला. फुंकर मारली. हल्ली मालच भिकार येतो.

८ मे, दुपार
ऑफिसातल्या सिद्धेशला फोन केला. मदत नको होती, चर्चा म्हणून. त्याने विचारलं, पेन ड्राइव्हमध्ये फाइल कुठल्या दिसतात? उघडून पाहिलं. ‘आत्या – मांडव’. ‘आत्या – हळद’.
फोन ठेवला.
म्हणजे इतके दिवस मी आत्याच्या धवल्यांवरून लॅपटॉप चालू करतोय आणि लिनक्स गेलंय नागावला. रेवदंड्याहून रिक्षाने कितीसं लांब? आत्ताच निघावं. पण ऊन फार. शिवाय लग्नघरात उगाच टेन्शन. उद्या हळदीला गुपचूप बदलून टाकीन.

१० मे
काल उशीर झाला. शर्टाला इस्त्री नव्हती.
पोचलो तेव्हा डीजेवाला निकेत घामाघूम. गाणीच दिसत नव्हती. पेन ड्राइव्ह माझ्या खिशात. पुढे झालोही होतो, पण मेहुणा निकेतला सगळ्यांदेखत झापत होता. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.
आत्या उठली. “न्हाय वाजत तर न्हाय. मीच गातंय.”
दोन ओळी झाल्या आणि आवाज चिरला. सुचिताने तोंड फिरवलं.
मला हळद लावायला आले तेव्हा मी खिसा धरून उभा होतो.

१२ मे
निकेत पेन ड्राइव्ह परत द्यायला घरी आला. म्हणाला, “दादा, गानी माज्याच हातून गेली. आत्याला तोंड कसा दाखवू?”
मी त्याला चहा दिला. होतं असं कधीकधी, म्हटलं. हे मी म्हटलं.

१३ मे
लिनक्स पहिल्या फटक्यात बूट झालं. मी म्हणतच होतो, सेटिंग बरोबर होती.
आता गाणी ‘सापडली’ म्हणून सुचिताला ऐकवायची. ‘आत्या – हळद’ लावलं. गाणं पुढे सरकतंय, आवाज नाही. साउंडचं काहीतरी राहिलंय. सिद्धेश म्हणतो, आवाजातलं त्याला कळत नाही, गावात कुणी जाणकार असेल तर त्याला विचारा.
जाणकार आहे. निकेत. कुठल्या तोंडाने फोन करू?